दाजींना हसवल्याबद्दल

"तेवढा एक फेटा बसंल का, बघा," शामराव खराडे म्हणाले आणि डॉक्टरपुढं एक्स-रे ठेवावा तसा त्यांनी फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

फोटो मीच काढलेला होता. मे महिन्यात त्यांच्या वृषालीचं लग्न झालं, त्यातला हा घरच्या मंडळींचा. मध्ये नवरा-नवरी आणि दोन्ही बाजूंना मिळून सतरा माणसं. बाप्यांच्या डोक्यांवर गुलाबी फेटे. डावीकडून तिसरं डोकं मात्र बोडकं, आणि त्या डोक्याखाली असा एक चेहरा, की त्याच्याकडं पाहिल्यावर आपणच काहीतरी केलंय असं वाटावं.

"दाजी," शामराव म्हणाले.

मला माहीत होतं. लग्नाचे चारशे बारा फोटो मी काढले होते, त्यांतल्या अडतिसांत दाजी होते आणि अडतिसांत हाच चेहरा होता. काही फोटोंत तर पाठमोरे असूनही त्यांनी खास वळून तो दिला होता.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. तासगावच्या बसस्थानकामागं माझा 'रूपदर्शन फोटो' होता. मालक मी, कॅमेरा मी आणि संगणकावरचा कारागीरही मीच. दाजी म्हणजे विट्याचे रंगराव थोरात, निवृत्त कृषी विस्तार अधिकारी, शामरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि खराड्यांच्या घरचे थोरले जावई. लग्नात फेटे मोजून एक्कावन्न आणले होते. फेटेवाला एकेकाला बांधत आला, दाजींसमोर उभा राहिला, पेटीत हात घातला, तर पेटी रिकामी. दाजी एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. ते बोडक्या डोक्यानं पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि विट्याला परतल्यावर त्यांनी जाहीर केलं, की मान भरून मिळेपर्यंत त्या घराचा उंबरा चढणार नाही. बायकोनंही चढायचा नाही.

शामरावांनी हे सगळं मला पुन्हा सांगितलं आणि मग मूळ दुखणं काढलं. भाऊबीज तेरा दिवसांवर आली होती. आई गेली तेव्हा शामराव सहा वर्षांचे होते, आक्का तेरा. तेव्हापासून आजपर्यंत एकही भाऊबीज चुकली नव्हती. एकदा आक्का पाय प्लॅस्टरमध्ये असताना टेम्पोतून आल्या होत्या. या वर्षी दाजींनी बायकोला सांगितलं होतं, ओवाळायचंच असेल तर चंद्राला ओवाळ.

"सख्खा भाऊ जित्ता आसताना चंद्राला," शामराव म्हणाले आणि माझ्या भिंतीवरच्या एका बारशाच्या फोटोकडं बघत राहिले.

मग त्यांनी बेत सांगितला. मान राहिला तो फेट्याचा. लग्न तर होऊन गेलं, ते आता परत लावता येत नाही. पण फोटो आपल्या हातात आहे. फोटोत दाजींना फेटा बांधायचा, मोठी फ्रेम करायची आणि पेढ्यांसोबत विट्याला पाठवायची. राहिलेला मान फोटोत पोचता झाला की झालं.

आज मला कोणी हे सांगितलं तर मी त्याला पाणी देऊन घरी पाठवीन. पण तेव्हा मी नुकतंच एक नवं हत्यार शिकलो होतो, आणि नवं हत्यार हातात आलेल्या माणसाला समोरचं सगळं जग दुरुस्तीला आलेलं दिसतं.

त्या हत्याराचं नाव मेश वार्प. मेश म्हणजे जाळी. संगणकावर फोटो उघडायचा आणि त्याच्यावर चौकटींची जाळी पसरायची. जाळीची कुठलीही गाठ माउसनं धरून ओढली की तिच्याखालचं चित्र तिच्यासोबत सरकतं. ओल्या कणकेवर फडकं टाकून फडकंच ओढावं, तसं. या जाळीनं मी तासगावातली बरीच पोटं आत घेतली होती. एका नवरदेवाचे कान डोक्याच्या अधिक जवळ आणून दिले होते. त्याच्या नवरीनं नंतर रस्त्यात माझ्याकडं फार वाईट नजरेनं पाहिलं, पण फोटोबद्दल तक्रार नव्हती.

दाजींचा फेटा मी नवरीच्या मामाच्या डोक्यावरून उचलला. अडचण अशी, की मामाचं डोकं कलिंगडासारखं आणि दाजींचं पपईसारखं. फेटा दाजींच्या डोक्यावर नुसता ठेवला तर शेजारच्या घरावरून उडून आलेल्या पत्र्यासारखा दिसायला लागला. मग टाकली जाळी. कडा आत घेतल्या, माथा वर ओढला, तुरा डावीकडं झुकवला. तासाभरात फेटा असा बसला, की तो काढायला गेलं असतं तर केस उपटून आले असते.

इथंच मी थांबायला हवं होतं. सांगितलं होतं तेवढं झालं होतं.

पण फेटा चढल्यावर खालचा चेहरा जास्तच दिसायला लागला. फेटा गुलाबी, तुरा झुकलेला आणि खाली ते तोंड. जणू जप्तीला आलेल्या बेलिफाला कुणी चुकून फेटा बांधला होता. मी दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांवरच्या गाठी धरल्या आणि किंचित वर ओढल्या. ओठ हसले, डोळे हसेनात. शेजाऱ्याची गंजी पेटवून आलेला माणूस दिसायला लागला. म्हणून गाल वर घेतले. गाल वर गेल्यावर डोळे बारीक करावे लागले. असं करत करत अर्ध्या तासात रंगराव थोरात प्रसन्न झाले. मी खुर्ची मागं सरकवून पाहिलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. फेटा शामरावांनी सांगितला होता. हसू माझ्याकडून भेट.

शामरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांत दाजींना हसताना ते पहिल्यांदाच बघत होते.

फ्रेम विट्याला गेली, आणि पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आक्का आल्या. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं. ठेंगण्या, नाकात मोरणी आणि चालणं असं, की समोरची गर्दी आपोआप बाजूला व्हावी. त्यांनी काखेतली फ्रेम काढून माझ्या टेबलावर पालथी ठेवली, खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, "ह्ये हसू कुणाच्या डोक्यातलं?"

मी म्हणालो, माझ्या.

"वाटलंच मला. शामाची एवढी अक्कल न्हाई."

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. पाच महिने दाजी विट्यात घरोघर सांगत होते, की पन्नास फेटेवाल्यांत मला एकट्याला बोडकं उभं केलं. विट्यानंही त्यांचं दुःख मानलं होतं. दत्तमंदिरासमोरच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळींची रोजची बैठक असते, तिथं तर या विषयाला ठरलेली वेळ होती. आणि आता ही फ्रेम आली. ती सोडवताना शेजारचे जाधवगुरुजी हजर होते. गुरुजींनी पाहिलं, फेटा आहे. आणि नुसता फेटा नाही, माणूस लाडू खाल्ल्यासारखा हसतोय. संध्याकाळपर्यंत कट्टाभर झालं, की थोरातसाहेबांनी पाच महिने थाप मारली.

"आता त्ये म्हणत्यात, त्या घराचं पाणीबी घ्यायचं न्हाई. जल्मभर," आक्का म्हणाल्या. "माझा सा म्हयन्यांचा रुसवा तुमी जल्माचा करून ठेवला."

माझा रुसवा हे मला नीट कळलं नाही. मी तसं म्हणालो.

आक्कांनी दाराकडं पाहिलं. मग पिशवीतून एक कापडाची घडी काढली आणि टेबलावर ठेवली. गुलाबी फेटा होता. कोरा.

"एक्कावन्नावा," त्या म्हणाल्या. "पेटीतनं मीच काढला हुता."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकल्यावर मला माझी जाळी अगदीच पोरखेळ वाटायला लागली.

दाजी माणूस वाईट नव्हेत. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोला कधी उणा शब्द नाही. पण सासरच्या कार्यात रुसल्याशिवाय त्यांना कार्य झाल्यासारखं वाटत नाही. धाकट्या मेहुणीच्या लग्नात त्यांना आणायला मोटार न जाता जीप गेली. तो रुसवा चार वर्षं चालला. शामरावांच्या थोरल्याच्या बारशाला त्यांच्याआधी चुलतसासऱ्यांना गंध लावलं, अकरा महिने. मग शामरावांनी घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला त्यांनी हाडांची काडं करून सगळं बिनचूक केलं. मोटार वेळेवर, गंध पहिलं, पाट चांदीच्या फुलांचा. दाजी दिवसभर घरात हिंडून चूक शोधत राहिले आणि ती काही सापडेना. शेवटी संध्याकाळी ते म्हणाले, इतकं नीट केलंत म्हणजे मला परका समजता. तो रुसवा सगळ्यांत लांबला. साडेसहा वर्षं.

"तवा माझ्या ध्यानात आलं," आक्का म्हणाल्या, "रुसायला कारण आपुनच द्यावं. आपुन दिलं की त्ये मापात ऱ्हातं. त्यांनी शोधलं की कितीला जाईल सांगता येत न्हाई."

वृषालीच्या लग्नाआधी त्यांनी बराच विचार केला होता. जेवणातलं कारण द्यावं तर ते व्याह्यांवर जातं. बसायच्या जागेचं द्यावं तर ते वर्षाच्या पुढं चालतं. फेटा बरा. फेट्याला सहा महिने. मे ते दिवाळी. धनत्रयोदशीला शामरावांनी ताटात फेटा घालून यायचं, दाजींनी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा, आणि भाऊबीजेला आक्का माहेरी. सगळं बसवलेलं होतं. शामरावांना आधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या पोटात शेंगदाणासुद्धा टिकत नाही.

मी विचारलं, आता काय करायचं.

त्यांनी फ्रेम उलटी केली आणि दाजींच्या कानामागं बोट ठेवलं. "ह्यो खांब पोटुशीवानी का आलाय?"

मी वाकून पाहिलं. मांडवाचा सरळसोट लोखंडी खांब दाजींच्या गालाशेजारी येऊन छान बाहेर फुगला होता आणि फेट्याजवळ परत आत गेला होता. जाळीचा हा दोष आहे. गाल ओढला की गालामागचं जगही ओढलं जातं. मी तोंडाकडं इतका बघत होतो, की खांब मला दिसलाच नव्हता. मी ओशाळून सांगितलं.

"ब्येस झालं," आक्का म्हणाल्या. "उद्या विट्याला या. मूळचा फोटो मोठा करून आना. खांब दावा आनि सगळं आपल्या अंगावर घ्या. फेटा मी घातला, हसू मी घातलं, शामाला ठावं न्हवतं. मंजे त्यांचा रुसवा तुमच्यावर यील. त्ये एका वक्ताला दोन रुसवं धरत न्हाईत. नवा आला की जुना सुटतो."

मी मान डोलावली. माफी मागायला मला कधीच जड गेलेलं नाही.

"आनि माफी मागताना जरा चुका," आक्का उठता उठता म्हणाल्या. "तुमी नीट मागितली आनि त्यांनी माफ केलं, तर त्यो परत शामावर जाईल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी विट्याला पोचलो. दाजी सोप्यात खाटेवर ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होते. समोरच्या खुर्चीवर जाधवगुरुजी होते, बहुधा परिस्थितीवर लक्ष ठेवायला. मी ठरवल्याप्रमाणं नमस्कार न करता आत गेलो आणि कोणी म्हणायच्या आत खाटेच्या पायथ्याशी बसलो. दाजींनी वर्तमानपत्र खाली केलं. प्रत्यक्षात तो चेहरा फोटोपेक्षा पुष्कळ चांगला होता. त्याला आवाज नव्हता, पण तो ऐकू येत होता.

मी मूळचा फोटो काढून खाटेवर ठेवला आणि सगळं सांगितलं. जाळी, गाठी, मामाचा फेटा. शामरावांनी फक्त फोटो मोठा करायला दिला होता, बाकी सगळा माझा आगाऊपणा. मग आक्कांनी माझ्याकडून परत नेलेली ती बिघडलेली फ्रेम आतून आणून दिली आणि मी गुरुजींना खांब दाखवला. गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला, दोन्ही खांबांवरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, की लोखंडी खांब असा वाकत नाही, तेव्हा फोटो खोटा आणि थोरातसाहेब खरे. पाच महिन्यांचं त्यांचं बोडकं डोकं जागच्या जागी परत आलं.

दाजींच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्यांनी मूळच्या फोटोकडं बोट केलं.

"पाच महिने मी हे तोंड धरून बसलोय," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोन मिनिटांत हसवलंत?"

"अर्धा तास लागला," मी म्हणालो. खोटं कशाला बोला. "तोंड अवघड आहे आपलं."

याच्यावर ते चिडतील असा माझा हिशेब होता. पण दाजी चक्क सुखावले. अर्धा तास, असं त्यांनी गुरुजींना परत ऐकवलं. गुरुजींनी आदरानं मान हलवली. आणि मग दाजींनी सुस्कारा टाकून म्हटलं, की माणूस आहे, चुकतो, विट्यापर्यंत स्वतः येऊन कबूल केलं हे काही कमी नाही.

आतल्या दारात आक्का चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर माझ्यावर होती आणि त्या नजरेत चंद्र दिसत होता. ओवाळायला निघालेली बाई आणि वर चंद्र.

दाजी म्हणत होते, शामचा मात्र मला अजून राग आहे. फोटो त्याचा नसेल, पण फेटा तर त्याच्याच घरी कमी पडला ना.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका भल्या माणसाचा अपमान करायला धडपडत होतो. समोर मूळचा फोटो होता. मी कारागीर माणूस, मला फोटोतलंच सुचलं.

"एक सांगू का साहेब," मी म्हणालो. "हा तुमचा चेहरा रुसलेला वाटतच नाही. मी आधी समजलो, जेवण बाधलं असेल. पित्त झालेल्या माणसाचं असंच होतं."

गुरुजींनी फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि, देव त्यांचं भलं करो, हळूच म्हणाले, "खरं की."

दाजी उभे राहिले. मी आजवर पुष्कळ चेहरे पाहिले आहेत, हजारो ओढले आहेत, पण एका माणसाच्या तोंडावरून एक रुसवा उतरून दुसरा चढताना मी तेव्हाच पाहिला. आधी जुना गेला, क्षणभर तोंड मोकळं राहिलं, आणि मग कपाळापासून हनुवटीपर्यंत नवा आला. पहिल्यापेक्षा दणकट, सगळ्या गाठी एकदम खाली.

"यांना चहा नको," ते म्हणाले. "आणि आजपासून या माणसाचं तोंड मला दिसता कामा नये. पस्तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. शाम बरा म्हणायचा. त्यानं फेटा दिला नाही, पण पित्त कधी काढलं नाही."

आक्कांनी कप तसाच आत नेला. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काम झालं होतं.

धनत्रयोदशीला शामराव ताटात फेटा घालून विट्याला गेले. फेटा अर्थातच तोच, आक्कांनी माझ्याकडं ठेवलेला. मी तो मुद्दाम सांगलीहून मागवला असं शामरावांना सांगितलं. दाजींनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा डोकं पुढं केलं. भाऊबीजेला आक्का तासगावात होत्या. संध्याकाळी शामराव स्वतः माझ्याकडं करंज्यांचा डबा घेऊन आले. कपाळावरचं कुंकू पुसू नये म्हणून त्यांनी टोपीसुद्धा घातली नव्हती. फेट्याचं खरं काय ते त्यांना आजतागायत ठाऊक नाही, आणि द्राक्षांच्या भावापलीकडं ते काही वाचत नाहीत, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. दाजींचीही भीती नाही. माझं नाव ज्यावर असेल त्याला ते हात लावत नाहीत.

डब्यासोबत आक्कांनी तोंडी निरोप दिला होता. शामराव तो गोंधळून सांगत होते, कारण त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता. बाजारात कुठं गाठ पडली तर फोटोवाल्यांनी नमस्कार करू नये, हसू तर नयेच. फार छान बसलाय. पंधरा वर्षं कुठं जात नाही.

पंधरा म्हणजे त्यांनी कमीच सांगितलं. खराड्यांच्या घरात त्यानंतर दोन लग्नं आणि एक जावळ झालं. मोटार एकदा उशिरा गेली, गंध दुसऱ्यालाच आधी लागलं, एका पंगतीत तर दाजींच्या पानात मठ्ठाच वाढायचा राहिला. पण त्यांनी कशाची दखल घेतली नाही. फोटो काढायला अर्थात मला कुणी बोलावलं नाही, तो सांगलीचा एक पोरगेला माणूस असे. आमंत्रण मात्र दरवेळी घरी येऊन, अक्षता देऊन. आणि मांडवात गेलं, की आक्का स्वतः पुढं होऊन दाजींच्या बरोब्बर समोरची खुर्ची मला दाखवायच्या.